भुजण्यातला लाल कांदा

सखुबाईच्या घरात कांदा विकत आणत नसत. घर वेसाव्याच्या कोळीवाड्यात, खाडीच्या तोंडाशी. मासळीला तोटा नव्हता, पण कांद्याला माती लागते आणि माती त्या घराच्या वाट्याला आलेली नव्हती. ती आली थोरल्या सुनेबरोबर.

कमळचं माहेर अलिबागेकडचं. बाप दर्यावर जाणारा, पण गावामागे भाताची एक पट्टी बाळगून होता. भात कापून झालं की त्या पट्टीच्या उरलेल्या ओलीवर पांढरा कांदा लावायचा. शिमग्याच्या सुमारास तो निघायचा. पातीसकट सावलीत सुकवायचा आणि मग बायकांनी ओटीवर बसून पातीची वेणी घालत त्याच्या माळा करायच्या. हा कांदा कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही. पोरं फळासारखा चावून खातात.

सोयरीक जुळवताना सखुबाईनं मुलीचा रंग पाहिला, हात पाहिले आणि ओटीवरच्या माळाही पाहिल्या. पुढे ती बाजारात चारचौघींत म्हणायची, "सोनं काय गो, मोडलं की संपलं. आमची सून दरसाल कांदा आणते."

त्याचा एक रिवाजच पडून गेला होता. मधघराच्या आढ्याखाली दोन खुंट्या होत्या, एक कमळची, एक धाकटी जाऊ विमला हिची. विमला वरळीची. तिचा भाऊ गोदीत कामाला, तो बिस्किटांचे पत्र्याचे डबे, कधी परदेशी साबण असलं काही आणायचा. ते तिच्या खुंटीला पिशवीत लटकायचं. कमळच्या खुंटीला कांद्याच्या माळा. शिमग्यानंतर तिचा थोरला भाऊ धर्मा रेवसच्या लाँचनं माळा घेऊन यायचा आणि जाताना सखुबाई त्याला सुक्या मासळीचं गाठोडं बांधून द्यायची. बोंबील, सोडे, जवळा. पैशाची गोष्ट नाही, हिशेब नाही. सुक्याला कांदा. पहिला कांदा फोडायचा तो भुजण्यासाठी, आणि भुजणं करायचं ते जिच्या माहेरचा कांदा तिनंच.

भुजण्याचं एक सांगायला हवं. इतर कालवणांत कांदा परतून मसाल्यात लपवता येतो. भुजण्यात ती सोय नाही. मासळी, उभा चिरलेला भरपूर कांदा, लसूण, मिरची, हळद, कोथिंबीर, कोकम, वरून कच्चं तेल, सगळं हातानं रगडून कालवायचं आणि मग पातेलं चुलीवर चढवायचं. कांद्याला सुटेल तेवढंच पाणी. त्यामुळे कांदा जसा असेल तसं भुजणं होतं. सखुबाई जेवायला बसली की आधी मासळीला हात लावत नसे. कांद्याची एक फाक अंगठ्यानं बोटावर दाबून बघायची, मग तोंडात घालायची. तिनं मान हलवली की कमळच्या माहेरचं त्या वर्षाचं पास-नापास ठरायचं.

कमळचा बाप वारला तोवर सगळं सुरळीत होतं. त्यानंतर धर्मा वेसाव्यापर्यंत यायचा बंद झाला. "लांब पडतं गो बाय," म्हणाला, "तू भाऊच्या धक्क्यावर येतच असतेस ना मासळीला, तिथं देईन." ते खरं होतं. घरच्या होडीला मासळी कमी लागली की वेसाव्याच्या बायका पहाटेच्या ट्रकानं धक्क्यावर जाऊन माल घ्यायच्या. मग दोन-तीन वर्षं माळा धक्क्यावर हातांतून हातात गेल्या. नंतर आई वारली.

आई गेली त्याच्या पुढच्या शिमग्याला कमळ गाठोडं घेऊन धक्क्यावर बसली. पहिली लाँच आली, दुसरी आली. कोंबड्या उतरल्या, वालाच्या शेंगा उतरल्या, माळावाल्या बायका उतरल्या. धर्मा उतरला नाही. तिच्या गावचा काशीराम नावाचा एक माणूस दिसला, त्याला तिनं हाक मारली.

"काशीरामदादा, आमचा धर्मा नाय आला?"

"धर्मा?" काशीराम थांबला. "तो कशाला येतोय? त्यानं उभा कांदाच दिला की व्यापाऱ्याला. शेतात होता तवाच. तुला नाय सांगितलं?"

"सांगितलं, सांगितलं," कमळ म्हणाली. "मीच इसरली."

ते तिचं पहिलं खोटं. काशीराम गेल्यावर ती गाठोड्यावर हात ठेवून बसून राहिली. भाऊ आला नाही याचं वाईट तिला नंतर वाटलं. आधी डोळ्यांसमोर आली ती खुंटी, रिकामी. आणि तिच्या शेजारची खुंटी, भरलेली. सखुबाई वाईट बोलली नसती. ती फक्त म्हणाली असती, "आईबाप गेलं, आता कोण देतो?" आणि त्या दिवसापासून कमळ त्या घरात माहेर नसलेली बाई झाली असती. अशा बायका वाड्यात होत्या. त्यांच्याशी नवरे कसे बोलतात आणि जावा कशा बोलतात हे कमळनं पाहिलं होतं.

ती उठली आणि माळावालीच्या पुढ्यात गाठोडं सोडलं. "सुकं घेतेस? माळा दे."

माळावालीनं बोंबील मोडून वास घेतला, सोडे चाचपले. "दोन देईन."

"एवढ्याला दोन? चार दे."

"मग तूच खा तुजं सुकं. यंदा माल कमी हाय, बाय. मुंबईवाल्यांना काय, ते मागू तो भाव देतात."

दोन माळा घेऊन कमळ एका आडोशाला बसली. बाजारच्या माळांना वर सुतळीची गाठ असते. तिची आई पेंढ्याचा पीळ घालून गाठ मारायची, आणि सखुबाईला ती गाठ ठाऊक होती. कमळनं कोंबड्यांच्या टोपलीतला पेंढा मागून घेतला, सुतळी सोडली आणि आईची गाठ मारली. गाठ इतकी हुबेहूब बसली की तिला स्वतःचाच राग आला.

"दोनच?" सखुबाईनं विचारलं.

"रोग पडला, आये. निम्मा कांदा गेला."

"बिचारा धर्मा," सखुबाई म्हणाली. "येवढ्यातून पण बहिणीला दिलं."

दोन माळा म्हणजे पोरांसकट आठ माणसांच्या घरात चार भुजणीसुद्धा निघायची नाहीत. कमळनं तेव्हाच ठरवलं की माळेतला कांदा फक्त कच्चा वाढायचा. भाजलेल्या सुक्या बोंबलाबरोबर फोडलेला कच्चा कांदा लागतोच, आणि कच्च्या कांद्याचं सोंग दुसऱ्या कशाला आणता येत नाही. पातेल्यात मात्र दुसरं काहीतरी घालायला हवं होतं.

सखुबाई आणि विमला पाट्या घेऊन अंधेरीच्या बाजारात गेल्या, की मागे घर आणि चूल कमळच्या ताब्यात असायची. महादू, तिचा नवरा, आणि त्याचा धाकटा भाऊ चंदर होडीवर. त्या रिकाम्या वेळात ती थोड्या मांदेलीवर प्रयोग करायची. आधी कोबी घातला. कोबीला पाणी सुटलं, गोडवाही आला, पण शिजल्यावर घरभर कोबीचा वास. मागच्या दाराशी ठेवलं तर मांजरांनी मासळी ओढून नेली आणि कोबी तसाच ठेवला. दुधीचं पार पाणी झालं, दाताखाली काही उरलंच नाही. पातीच्या कांद्याचे पांढरे गड्डे बरे होते, पण एकट्यानं भरत नव्हतं, हिरवट चव मागे राहत होती.

उरला लाल कांदा. मार्केटमध्ये गोणी गोणी पडलेला. तो नुसता घातला तर घशाला झोंबायचा आणि कोकम लागून मेलेल्या जांभळ्या रंगाचा व्हायचा. मीठ चोळून पिळला तर तिखटपणा गेला, पण रसही गेला. भुजणं कोरडं पडलं. गूळ घातला तर गूळ वेगळा आणि कांदा वेगळा लागायचा, जसे नवे सोयरे एका पंगतीत बसूनही एकमेकांशी बोलत नाहीत. निखाऱ्यात भाजला तर गोड झाला, पण धुरकट. सखुबाईनं उंबऱ्यातच ओळखला असता.

कितीतरी दुपारी गेल्या आणि मग तिला जमलं. लाल कांद्याचे वरचे दोन पापुद्रे काढायचे, रंग आणि तिखटपणा तिथंच जास्त. आतला गाभा उभा, बारीक चिरायचा. आडवा नाही, आडवा चिरला की जास्त झोंबतो. मग गार पाण्यात सोडायचा, पाणी गुलाबी झालं की फेकायचं, पुन्हा सोडायचा. शेवटचं पाणी तांदळाच्या धुवणाचं. पिळायचा नाही, फडक्यावर निथळू द्यायचा. त्यात पातीचे पांढरे गड्डे मिसळायचे. मासळी घालण्याआधी कांदा एकटाच झाकणाखाली वाफेवर नरम करून घ्यायचा. हळद नेहमीपेक्षा थोडी चढती, म्हणजे उरलासुरला रंग झाकला जातो. काढलेले पापुद्रे वाया जाऊ नयेत म्हणून ती ते वाटणात घालायची आणि वाटण संध्याकाळच्या कालवणाला वापरायची.

घरच्यांसमोर पहिल्यांदा ते भुजणं वाढलं त्या दिवशी तिला स्वतःला जेवण गेलं नाही. सखुबाईनं फाक दाबली. तोंडात घातली. बराच वेळ चावली.

"धर्माचा हात बरा हाय," ती म्हणाली. "बापासारखाच."

महादू खाली मान घालून जेवत होता. त्याला जेवणातलं गरम आणि गार एवढंच कळायचं. कमळनं पदरानं तोंड पुसलं. आनंद झाला होता, आणि झाल्याचं तिला सहन होत नव्हतं. मेहनत तिची, नाव धर्माचं.

पुढच्या वर्षी ती धक्क्यावर लाँचची वाट बघत बसलीच नाही. सरळ माळावालीकडे गेली, गाठोडं सोडलं, गाठी बदलल्या, घरी आली. ते वर्ष दुष्काळाचं, रेशनच्या रांगांचं होतं, त्यामुळे दोन माळांचं कुणी विचारलंही नाही. फक्त विमला खुंटीखाली उभी राहून म्हणाली, "वैनी, तुज्या माळेचा कांदा उतरतच नाय गो. आठवड्यात दोनदा भुजणं खातो, माळ आपली तेवढीच. द्रौपदीची थाळी हाय काय?"

"काटकसरीनं वापरते मी. तुज्यासारखी बिस्किटं चहात बुडवत नाय बसत."

"बुडवते तर! माज्या भावानं दिलीत, बुडवीन नायतर फेकीन." विमला हसली आणि गेली, पण जाताना पुन्हा एकदा वर बघून गेली.

तिसऱ्या वर्षी शिमगा होऊन पंधरवडा झाला असेल. दुपारची वेळ. कमळ मागच्या दाराशी कांदा निथळत ठेवत होती तेव्हा ओटीवरून सखुबाईचा आवाज आला, "अरे, कोण हा! कमळे, बाहेर ये गो! कांद्याचा धनी आयलाय!"

धर्मा आला होता. अंगात टेरिलीनचा सदरा, हातात लग्नाच्या अक्षता. थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. बाकी हात रिकामे.

कमळ पाण्याचा तांब्या भरून बाहेर आली. एक शब्द, एकच शब्द तो बोलला की संपलं. "यंदा काय आणलं नाय," एवढं म्हटलं तरी पुरे. तिनं पाणी पुढे केलं आणि त्याच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला. तो ओटीवर बसून घराकडे बघत होता. होडीला आता मशीन लागलं होतं, जाळी नायलॉनची आली होती, चंदरनं ट्रान्झिस्टर घेतला होता. धर्माची नजर या सगळ्यावरून फिरली.

"बरा आयलास," सखुबाई म्हणाली. "आता जेवूनच जा. तुजाच कांदा हाय पातेल्यात."

धर्मानं मान वर केली. "माजा?"

"तुजा नाय तर कुणाचा?"

विमला तांब्या घासत होती. तिनं हात थांबवला. "दादा," ती गोडीनं म्हणाली, "यंदा माळा घेऊन कंच्या लाँचनं आलतात हो? वैनी त्या दिवशी लई उशिरा आली. आम्हांला काळजी लागली."

कमळ दाराच्या चौकटीला धरून उभी होती. धर्मानं विमलाकडे पाहिलं, मग दारातून आत, खुंटीकडे. आईच्या गाठीच्या दोन माळा लटकत होत्या. मग त्यानं बहिणीकडे पाहिलं. आणि मग, हे कमळला पुढे कधी विसरता आलं नाही, त्यानं सखुबाईकडे पाहिलं. ती कोपऱ्यात बसून त्याला देण्यासाठी आणखी सोडे फडक्यात भरायला लागली होती.

"दुसरीनं," धर्मा म्हणाला. "पहिली भरून गेली. लाँचचं काय खरं नसतं, बाय. दोनच माळा देता आल्या, त्याचं वाईट वाटतं."

"असू दे, असू दे," सखुबाई म्हणाली. "माणूस देतो हेच."

तो जेवायला बसला. कमळनं वाढलं. तीन पाण्यांत धुतलेला, अंधेरी मार्केटचा लाल कांदा. धर्मानं घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "घरचा कांदा तोंडात घातला की कळतो. यंदा ओल चांगली टिकली. मी स्वतः पाटाला उभा राहून पाणी दिलं. माणसांवर सोडलं की मुळाशी पोचत नाय." तो सांगत गेला. रोपं कधी लावली, पात कशी पिवळी पडू दिली, वेण्या घालायला बायका मिळत नाहीत. सखुबाई मान डोलवत होती. त्यानं खोटं बोलावं म्हणून कमळ पाण्याचा तांब्या हातात घेतल्यापासून मनात हात जोडून होती. आता तो बोलत होता आणि तिला वाटत होतं, याला आता कुणीतरी थांबवा.

गाठोडं खांद्यावर घेऊन तो निघाला तेव्हा ती बस स्टॉपपर्यंत पोचवायला गेली. वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळींमधून दोघं चालत होती.

"दादा, आपली पट्टी कशी हाय?"

"पट्टी?" धर्मा म्हणाला. "पट्टी कुठं आता. वीटभट्टीवाल्याला दिली. माती नेली त्यानं सगळी, कमरेएवढी. आता पावसाळ्यात डबकं होतं, म्हशी बसतात."

"मला कळवलं नायस."

"तुला काय कळवायचं? तुला तर कांदा मिळतोय." तो हसला. हसणं बापासारखं होतं. "चांगलं चालवलंयस, कमळे. असंच चालव. म्हातारी खूश, मी पण खूश. आणि ऐक, पुढच्या खेपेला सोडे जरा जास्त टाकायला सांग. बोंबील आमच्याकडं पण मिळतात."

बस आली. तो चढला आणि गाठोडं मांडीवर घेऊन बसला. कमळनं हात हलवला नाही, त्यानंही नाही.

लग्नाला कमळ एकटीच जाऊन आली. मांडवामागं जाऊन तिनं ते डबकं पाहिलं. खरंच म्हशी होत्या.

आता तिची अडचण दुप्पट झाली होती. आधी निदान एक खोटं तिच्या एकटीचं होतं. पुढच्या वर्षापासून गाठोडं न्यायला स्वतः येईन, असं धर्मा सखुबाईला सांगून गेला होता. मग माळावालीला द्यायचं काय? तिनं पुढचं वर्षभर स्वतःच्या वाट्याच्या मासळीतून थोडी थोडी वाचवून सुकवली. शेजारच्या सोनूबाईच्या गच्चीवर, घरच्यांच्या नजरेआड. शिमग्याला ती मासळी देऊन एकच माळ मिळाली. ती खुंटीला लागली आणि चार दिवसांत धर्माचा निरोप आला, रविवारी येतो.

रविवारी सकाळी कमळ कांदे घेऊन बसली. सुरी उचलली आणि तशीच थांबली. बाहेर पाण्याची बादली भरलेली होती, तांदळाचं धुवण बाजूला काढलेलं होतं. तिनं बादलीकडे पाठ केली. वरचे पापुद्रे काढले नाहीत. कांदे आडवे चिरले, जाड, आणि न धुता, न वाफवता थेट मासळीत टाकून रगडले. हात चुरचुरत होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. हळदसुद्धा नेहमीएवढीच. बघू दे, ती मनात म्हणाली. पहिला घास घेऊन त्याला म्हणू दे, हा कांदा माझा नव्हे. एवढं एकदा त्याच्या तोंडून येऊ दे. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे.

सगळे बसले. महादूनं पहिला घास घेतला आणि त्याला ठसका लागला. ज्याला गरम आणि गार एवढंच कळायचं त्यानं मान वर करून विचारलं, "काय घातलंस गो यात?" चंदरनं ताट थोडं पुढे सरकवलं. सखुबाईनं फाक दाबली. ती दबली नाही. जांभळा रंग तिच्या अंगठ्याला लागला. तिनं फाक तोंडात घातली, चावली, आणि धर्माकडे बघत राहिली.

कमळही त्याच्याकडेच बघत होती. धर्माच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कपाळावर घाम. त्यानं घास गिळला, पाणी प्यायला.

"यंदा जरा तिखट उतरलाय," तो म्हणाला. "पाणी कमी पडलं शेतात. काय करणार, वरच्याच्या हातात." आणि त्यानं दुसरा घास घेतला. मग तिसरा. नाकातून पाणी वाहत होतं, पण त्यानं ताट चाटूनपुसून साफ केलं आणि हात धुऊन गाठोड्याशेजारी जाऊन बसला.

सखुबाईनं गाठोडं दिलं. रिवाज तो रिवाज. सोडे थोडे जास्तच होते.

तो गेल्यावर सखुबाई सुनेकडे वळली. "कांदा घेताना बघून घ्यायला काय झालं होतं तुला? भावाच्या हातात हात घालून गप्पा मारत बसली असशील. तो बिचारा काय करील, पाणीच नाय पडलं. पण तू आपल्या घरच्या पातेल्यात असला जहर कांदा घालतेस? माज्या मुलांची तोंडं भाजली."

"आये," कमळ म्हणाली, "तो त्याचा कांदा नाय."

"काय?"

"धर्माचा नाय. त्यानं आई गेल्यापासून एक कांदा दिला नाय. पट्टी विकली, माती पण गेली. मी माळा धक्क्यावर घेते. पातेल्यात मार्केटचा लाल कांदा घालते, धुऊन धुऊन. इतकी वर्षं तुम्ही तोच खाताय."

ओटीवर चंदरनं ट्रान्झिस्टरचा आवाज बारीक केला.

सखुबाई हळूहळू उठली. तिचा चेहरा बदलत होता आणि कमळला वाटलं, आता कळलं हिला. "मेले," सखुबाई म्हणाली, "कांदा खराब निघाला म्हणून भावावर घालतेस? तो माज्या समोर बसून सांगून गेला. लावणीपासून काढणीपर्यंत. शेत नसलेला माणूस असं सांगेल? आणि मला शिकवतेस लाल कांदा? मला, जिनं तुज्या बापाच्या ओटीवर कांदा चावून बघितला आणि मग तुला घरात आणली?"

"विमला," कमळ वळली. "तू बघितलंस ना? माळ उतरत नाय म्हणालीस ना? सांग आयेला."

विमलानं खरकटी ताटं एकावर एक ठेवली. तिला कळलं होतं, कदाचित पहिल्याच वर्षी. तिनं ताटं उचलली. "मी काय कांद्याची पारख करायला बसलेय, वैनी? तुमच्या भाऊ-बहिणीत मला कशाला ओढतेस?" आणि ती मोरीकडे गेली.

महादूनं विडी पेटवली. "भाऊ एवढ्या लांबनं येतो," तो म्हणाला, "त्याची तरी लाज ठेव."

त्या वर्षी वाड्यात बोललं गेलं ते एवढंच, की कमळच्या माहेरच्या कांद्याला गुण राहिला नाही आणि कमळची जीभ सैल झाली. धर्माला कुणी काही म्हणालं नाही. दरसाल बहिणीच्या घरी येणारा भाऊ तो.

पुढच्या शिमग्याला सखुबाईनं नेहमीसारखे सोडे निवडायला घेतले. कमळनं सोनूबाईच्या गच्चीवरचं आपलं सुकं फडक्यात बांधलं, धक्क्यावर गेली, एक माळ घेतली, सुतळी सोडून पेंढ्याची गाठ मारली. धर्मा यायचा होता त्या दिवशी सकाळी तिनं वरचे पापुद्रे काढले, कांदा उभा, बारीक चिरला, आणि बादलीत सोडला. पाणी गुलाबी झालं. फेकलं. दुसरं घेतलं.

दुपारी सखुबाईनं फाक बोटावर दाबली, तोंडात घातली आणि धर्माकडे बघून हसली. "बघ, यंदा पाणी मिळालं तर कसा उतरला. साखर!" मग सुनेकडे वळून म्हणाली, "आणि तू काय काय बोलली होतीस गो त्याला."

धर्मा जेवत होता. त्यानं मान वर केली नाही, फक्त रिकामी वाटी थोडी पुढे सरकवली.

कमळनं पातेल्यातून डाव भरला आणि त्याला वाढलं.